प्रशांत महासागरातला बेलपाटा: हाऊ, फाऊ, पुराऊ

सागरवेल

पॉलिनेशिया या प्रशांत महासागरातील बेटसमूहातील झाडांविषयी बोलणे निघाले की नारळ, नीरफणस, केवड्याच्या जातीची झाडे आणि होड्यांसाठीचा कोआ यांची नावे पुढे येतात, आणि ती येणे योग्यच आहे. परंतु ज्या झाडावाचून त्या बेटांवरचा साधा दिवसही पार पडत नसे, ते मात्र या यादीत शेवटी येते किंवा राहूनच जाते. हवाईत त्याला हाऊ, सामोआ आणि टोंगा येथे फाऊ, ताहितीत पुराऊ आणि शेजारच्या फिजीत वाऊ म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये त्याला हिबिस्कस टिलिएशियस हे शास्त्रीय नाव दिले. २००१ मध्ये फ्रायक्सेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते तालिपारिती या वेगळ्या प्रजातीत नेले, त्यामुळे अलीकडच्या लेखनात दोन्ही नावे आढळतात. जास्वंदीच्या कुळातले हेच झाड आपल्या कोकणात आणि गोव्यात खाड्यांच्या काठी उगवते आणि आपण त्याला बेलपाटा म्हणतो.

झाड फार उंच होत नाही, पण पसरते मात्र अफाट. फांद्या जमिनीकडे झुकतात, जिथे टेकतात तिथे मुळे धरतात आणि तिथून पुन्हा नवे फुटवे वर येतात. काही वर्षांत एका झाडाची अशी जाळी होते की आत शिरायला वाट उरत नाही. पाने हृदयाच्या आकाराची आणि तळहाताहून मोठी असून त्यांच्या खालच्या बाजूला पांढुरकी लव असते. फूल सकाळी उमलते तेव्हा पिवळेधमक असते आणि त्याच्या तळाशी गर्द तांबूस-जांभळा डोळा असतो. दिवस कलू लागतो तसा पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो, मग लालसर होतो आणि फूल गळून पडते. म्हणून भर बहरात झाडावर पिवळी फुले आणि खाली तांबड्या फुलांचा सडा असे दृश्य दिसते.

या झाडाचे लाकूड हलके, पांढुरके, लवचिक आणि चिवट असते. घरबांधणीच्या मोठ्या कामाला ते फारसे उपयोगी नाही, परंतु होडीच्या एका विशिष्ट भागासाठी त्याला तोड नव्हती. हवाईच्या एका बाजूला तरंगता ओंडका असलेल्या होडीचे मुख्य अंग कोआच्या एकाच खोडातून कोरत, तरंगता ओंडका म्हणजे आमा बहुधा विलिविलीचा करत (विलिविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा नातलग आहे), आणि या दोहोंना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, म्हणजे इआको, हाऊच्या असत. होडी लाटेवर चढते तेव्हा तिचे अंग आणि आमा एकाच वेळी एकाच दिशेला हलत नाहीत, आणि त्यांच्यातला सगळा पीळ या दांड्यांनी सोसायचा असतो. ताठ लाकूड अशा वेळी मोडते. हाऊ वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. शिवाय त्याच्या फांद्या मुळातच कमानदार वाढतात, त्यामुळे हवा तसा बाक असलेली फांदी शोधून काढता येत असे. दांड्या खिळ्यांनी ठोकत नसत, दोरीने आवळून बांधत, म्हणजे सांध्यालाही थोडी मोकळीक राहत असे.

दुसरा उपयोग अग्नीचा. चार्ल्स डार्विन नोव्हेंबर १८३५ मध्ये बीगल जहाजाने ताहितीला आला आणि दोन ताहितीयन सोबत्यांना घेऊन डोंगरात गेला. तिथे मुक्कामाला त्या सोबत्यांनी विस्तव कसा पेटवला, हे त्याने नीट पाहून लिहून ठेवले आहे. याच झाडाच्या लाकडात एक खाच घ्यायची, बोथट टोकाची दुसरी काठी त्या खाचेत जणू ती अधिक खोल करायची आहे अशा रीतीने पुढे-मागे घासायची, आणि घर्षणाने निघालेला भुसा पेटू द्यायचा. ताहितीयन माणसाला हे काही क्षणांत साधले. डार्विनला त्यासाठी भरपूर घाम गाळावा लागला, परंतु शेवटी भुसा पेटला तेव्हा आपल्याला मोठा अभिमान वाटला, असे तो म्हणतो. ओझी वाहायच्या दांड्यांना आणि होड्यांच्या उलांडीलाही, म्हणजे बाजूच्या तरंगत्या ओंडक्यालाही, हेच पांढरे, हलके लाकूड वापरतात, हेही त्याने त्याच ठिकाणी नोंदवले आहे. एका परक्या प्रवाशाला एका मुक्कामात एकाच झाडाचे तीन उपयोग दिसावेत, यावरून त्याचे तिथले स्थान लक्षात येते. हवाईत विस्तव पेटवण्यासाठी खालची पट्टी मऊ हाऊची आणि घासायची काठी ओलोमेआ या झाडाच्या कठीण लाकडाची घेत.

तिसरी गोष्ट सालीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. या झाडाची आतली साल लांब, सलग धाग्यांची असते. सरळ वाढलेले कोवळे फुटवे तोडून त्यांची साल उभ्या पट्ट्यांत सोलतात, तिच्या जुड्या बांधून ओढ्याच्या किंवा समुद्राच्या उथळ पाण्यात दगडाखाली दाबून ठेवतात. चिकट गर कुजून सुटला की सालीचे पापुद्रे एकमेकांपासून वेगळे होतात; ते धुऊन उन्हात वाळवले की फिकट, मऊ आणि चिवट धागा हाती येतो. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या पहिल्या सफरीत, १७६९ मध्ये, त्याच्याबरोबरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स ताहितीत होता. पुराऊच्या सालीपासून तिथले लोक इंचभर जाडीच्या दोरापासून बारीक सुतळीपर्यंत सर्व प्रकारच्या दोऱ्या वळतात आणि त्यांची मासेमारीची जाळी करतात, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे.

हाच धागा सामोआ आणि टोंगा येथे मानाच्या समारंभातही आहे. तिथे कावा या वनस्पतीच्या मुळांचे पेय करण्याचा विधी असतो. कुटलेले मूळ लाकडी परातीत पाण्यात कालवतात, आणि त्यातला चोथा काढायला फाऊच्या मोकळ्या धाग्यांचा झुबका वापरतात. पेय करणारी व्यक्ती झुबका परातीत फिरवते, त्यात चोथा गुंतवते, दोन्ही हातांनी पिळते आणि खांद्यावरून मागे टाकते. मागे उभा असलेला तरुण तो अलगद झेलून जोराने झटकतो, चोथा उडून जातो, आणि तो झुबका पुन्हा परातीकडे परत फेकतो. पेय नितळ होईपर्यंत हे चालू राहते. बसलेल्या सरदारांसमोर या क्रियेत कुठेही घाई किंवा धसमुसळेपणा चालत नाही.

पानांचे उपयोग थोडक्यात सांगतो. ताहितीत जमिनीतल्या भट्टीत तापलेल्या दगडांवर अन्न शिजवताना केळीच्या पानांबरोबर पुराऊच्या पानांचे जाड थर वरून घालतात, म्हणजे वाफ कोंडून राहते. पाने पत्रावळीसारखीही वापरली जात. हवाईच्या घरगुती औषधांत फुलांच्या कळ्या सौम्य रेचक म्हणून आणि सालीचा बुळबुळीत रस बाळंतिणीसाठी सांगितलेला आहे; ही केवळ परंपरेची नोंद आहे, कोणी प्रयोग करू नये.

आपल्या किनाऱ्यावरील जाणकारांनी यात भर घालावी, अशी विनंती आहे.

तांडेल

अतिशय माहितीपूर्ण लेख. आमच्या सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात उलांडीची होडी पूर्वी सर्रास असे, आणि अजूनही रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणाऱ्या, गावांत काही ठिकाणी दिसते. एका बाजूला समतोलासाठी लाकूड, दोन आडव्या दांड्या आणि दोरीची बांधणी, अशी तिची रचना असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत ही पद्धत आग्नेय आशियातील दर्यावर्दी लोकांकडून आली असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि पॉलिनेशियन लोकांचे पूर्वज त्याच भाषाकुलातले होते. म्हणून लेखातील दांड्यांच्या पिळाचे वर्णन मला फार जवळचे वाटले. आडवी दांडी कधीही करकचून बांधू नये, हे आमच्याकडचे जुने लोकही सांगत.

दोन शंका आहेत. डार्विन उलांडीचे लाकूड याच झाडाचे म्हणतो आणि आपण विलिविलीचे म्हणता, हे कसे? आणि या सालीची दोरी खाऱ्या पाण्यात काथ्याइतकी टिकते काय?

सागरवेल

तांडेल, पहिल्या शंकेचे उत्तर बेटाबेटांतील फरकात आहे. विलिविली हे हवाईचे झाड आहे आणि त्याचे लाकूड अत्यंत हलके असल्याने तिथे आमासाठी त्याला पहिली पसंती मिळाली. ताहितीत ते झाड नाही, त्यामुळे तिथे ओंडकाही पुराऊचाच होत असे. हवाईतही विलिविली मिळाली नाही तर हाऊ चालवून घेत.

दुसऱ्या शंकेबाबत आपला संशय रास्त आहे. होडीच्या मुख्य बांधणीसाठी पॉलिनेशियात सर्वत्र नारळाच्या काथ्याची वेणीसारखी विणलेली दोरी वापरत. हवाईत मासेमारीच्या बारीक, भक्कम दोरीसाठी ओलोना नावाच्या झुडपाचा धागा सर्वश्रेष्ठ मानला जाई आणि तो इतका मौल्यवान होता की सरदारांना कर म्हणूनही दिला जात असे. हाऊची दोरी या दोहोंच्या खालची. परंतु काथ्या सोडवून, झोडपून, वळायला पुष्कळ वेळ लागतो आणि ओलोना ओलसर दऱ्यांतच वाढतो. हाऊ मात्र दारात, ओढ्याकाठी, किनाऱ्यावर, सगळीकडे उभा असतो. लाकडाची मोळी बांधायची आहे, माशांची माळ करायची आहे, कंदांची टोपली खांद्याला अडकवायची आहे, अशा वेळी माणूस एक फुटवा तोडतो, दातांनी किंवा शिंपल्याने साल सोडवतो आणि ओल्या सालीनेच गाठ मारतो. भिजवणे नाही, वाळवणे नाही. मला या झाडाचे मोल इथे दिसते. उत्तम दोर त्यांच्याकडे दुसरे होते, परंतु हाताशी असलेला दोर हाच होता.

भिजलेल्या अवस्थेत हा धागा फारसा दुबळा होत नाही, हेही सांगायला हवे. बंगालमध्ये या झाडाला बोला म्हणतात, आणि तिथे विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतीय धाग्यांच्या ताकदीच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत बोलाच्या दोऱ्याही होत्या.

माळरान

मी विदर्भातला, समुद्राशी संबंध नाही, तरीही सालीचा परिच्छेद वाचताना आमची अंबाडी डोळ्यांपुढे उभी राहिली. अंबाडीही याच हिबिस्कस प्रजातीतली. फुले येऊन गेली की झाडे कापून जुड्या करायच्या, त्या नाल्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात दगड ठेवून बुडवायच्या, आणि साल काडीपासून सहज सुटू लागली की पाण्यात उभे राहून सोलायची. त्या पाण्याचा वास अंगाला कितीतरी दिवस राहतो. धुऊन वाळवलेल्या सालीचे दावे, कासरे, चऱ्हाटे आणि बाजेच्या दोऱ्या आमच्याकडे घरीच वळत असत. जुडी किती दिवस बुडवायची याचा हिशेब कोणी मोजून सांगत नसे. बोटाने साल ओढून पाहायची, लवकर काढली तर गर चिकटून राहतो आणि उशीर झाला तर धागाच कुजतो. ताहितीतही तोच अंदाज लागत असणार.

एक फरक मात्र मोठा आहे. अंबाडी दरवर्षी पेरावी लागते. हे झाड एकदा लागले की पिढ्यानपिढ्या साल देते, आणि तोडल्यावर नवे सरळ फुटवे येतात म्हणजे तोडणेही त्याला मानवते.

रानफूल

सर्वसाधारण वाचकांचा बेलपाटा आणि भेंडीचे झाड यांत नेहमी गोंधळ होतो, म्हणून ओळखीच्या खुणा देते. इथे भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, कोकणात कुंपणाला आणि सावलीला लावतात ती. दोन्हींची फुले पिवळी, दोन्हींच्या तळाशी गर्द डोळा, दोन्हींची फुले उतरताना रंग बदलतात. परंतु भेंडीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, चकचकीत आणि टोकाला निमुळते असते, तर बेलपाट्याचे पान अधिक गोलसर आणि खालून लवदार व पांढुरके असते. बेलपाट्याचे फळ वाळल्यावर पाच भागांत उकलते. भेंडीचे फळ चपटे, कडक आणि बहुधा न उकलणारे असते. पान उलटे करून बोट फिरवले तरी पुरते.

पॉलिनेशियात भेंडीही आहे. हवाईत तिला मिलो आणि ताहितीत मिरो म्हणतात. तिचे लाकूड जड, गर्द आणि सुंदर रेषांचे असते, आणि त्याने अन्नाला वास लागत नाही म्हणून हवाईत त्याचे वाडगे कोरत. ताहितीत देवस्थानांच्या आवारात मिरोला पवित्र मानत. म्हणजे दोन बहिणींपैकी एक देवळात आणि एक रोजच्या कामाला, अशी त्यांची वाटणी झालेली दिसते.

दक्षिणतारा

मी ऑकलंडला राहतो. मूळ लेखात न्यूझीलंडचा उल्लेख नाही, तो का नाही हे सांगणे उपयुक्त ठरेल. हे झाड उष्ण किनाऱ्यांचे असल्याने इथल्या थंडीत पॉलिनेशियन लोकांबरोबर ते रुजू शकले नाही. माओरी लोकांचे पूर्वज इथे आले तेव्हा त्यांना त्याची कामे दुसऱ्या झाडांकडे सोपवावी लागली. इथे उत्तर भागात एंटेलिया नावाचे एक झाड आहे, त्याचे लाकूड विलक्षण हलके आहे. जाळ्यांना बांधायचे तरंगते तुकडे माओरी लोक त्याचेच करत, आणि त्याला त्यांनी जुनेच नाव, फाऊ, थोड्या बदललेल्या उच्चाराने दिले. सालीच्या जाळीदार धाग्यासाठी होहेरिया हे जास्वंदीच्याच कुळातले झाड मिळाले. दोर, चटया आणि वस्त्रे यांचा मुख्य भार हाराकेके या इथल्या लांब पानांच्या वनस्पतीने उचलला.

ईस्टर बेटावरही असेच झाले. तिथे ट्रायम्फेटा नावाच्या झुडपाला हाऊहाऊ म्हणतात आणि त्याच्या सालीचे दोर वळत असत. तिथले प्रचंड दगडी पुतळे हलवण्यासाठी हेच दोर वापरले असावेत, असे मानले जाते. झाड मागे राहिले तरी त्याच्याकडून घ्यायचे काम लोक बरोबर घेऊन गेले, ही मला या सगळ्यातली फार महत्त्वाची गोष्ट वाटते.

कुतूहल

उत्तम चर्चा. माझा प्रश्न असा की हे झाड बेटांवर माणसांनी नेले की ते आधीच तिथे होते? कोकणापासून ताहितीपर्यंत एकच जाती, हे केवळ माणसांच्या हातून झाले असेल असे वाटत नाही.

सागरवेल

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि हवाईच्या बाबतीत अभ्यासकांत अजून एकमत नाही. या झाडाचे बी समुद्राच्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगते आणि त्यानंतरही रुजू शकते. जपानी संशोधकांनी २००६ मध्ये जगभरच्या किनाऱ्यांवरील झाडांच्या जनुकांची तुलना करून दाखवले की हिंदी आणि प्रशांत महासागरांत दूरदूरच्या झाडांमध्ये फारच थोडा फरक आहे, म्हणजे प्रवाहांबरोबर बियांची ये-जा सतत चालू राहिली आहे. त्यामुळे पुष्कळ बेटांवर माणूस पोहोचला तेव्हा हे झाड त्याच्या आधीच किनाऱ्यावर उभे होते, असे म्हणता येते.

तरीही होडीतून नव्या बेटावर जाणाऱ्या कुटुंबाने नशिबावर विसंबून राहावे असे हे झाड नव्हते. फांदी ओल्या मातीत खोचली तरी ती फुटते, म्हणून कलमे बरोबर नेणे अगदी सोपे होते. हवाईला पॉलिनेशियन लोकांनी नेलेल्या वनस्पतींच्या याद्यांत काही अभ्यासक हाऊ धरतात आणि काही धरत नाहीत, ते याच कारणाने. तिथे पूर्वी हाऊ तोडायला सरदाराची परवानगी लागे असेही सांगितले जाते. इतके मुबलक झाडही राखून वापरले जात होते, हे त्यावरून दिसते.

दक्षिणतारा, आपली भर मूळ लेखात असायला हवी होती. आभार.

पायवाट

नृत्याचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही. ताहितीयन नृत्यात कमरेला जो पिवळसर, झुलणारा, पायापर्यंतचा घागरा दिसतो, ज्याला परदेशी लोक गवताचा घागरा म्हणतात, तो गवताचा नसून पुराऊच्या सालीच्या बारीक पट्ट्यांचा असतो. त्याला मोरे म्हणतात. साल भिजवून, पापुद्रे सोडवून, उन्हात फिकट करून तिच्या शेकडो पट्ट्या एका कमरपट्ट्यावर ओवतात. काही वेळा लाल किंवा पिवळ्या रंगात बुडवतात. कमरेच्या वेगवान हालचालीत या पट्ट्या जशा उसळतात तशा कापडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या उसळत नाहीत, कारण सालीला स्वतःचे थोडे वजन असते आणि थोडा ताठपणाही असतो.

या नृत्याचा इतिहास सुखाचा नाही. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८१९ मध्ये राजा दुसरा पोमारे याने जे कायदे केले त्यांच्यामुळे नृत्य दडपले गेले. १८८१ पासून जुलैच्या सार्वजनिक उत्सवात त्याला पुन्हा थोडी जागा मिळाली, आणि १९५६ मध्ये मादलेन मुआ या शिक्षिकेने स्वतःचा नृत्यसंघ उभा करून ते पुन्हा प्रतिष्ठेला नेले. आज जुलैमध्ये ताहितीच्या पापेएते शहरात हेइवा हा मोठा महोत्सव भरतो आणि मोरे तिथल्या स्पर्धांतला एक प्रमुख पोशाख आहे. त्यामुळे दोर आणि अग्नी यांची गरज संपली तरी पुराऊची साल सोलणारे हात तिथे आजही आहेत.

खाजण

या झाडाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. हवाईत हाऊची जाळी आता ओढे आणि पाणथळ जागा गिळते आहे. पूर्वी लोक सतत फांद्या आणि फुटवे काढून नेत, त्यामुळे ती आपोआप आटोक्यात राहत असे. वापर थांबला आणि झाड मात्र वाढतच राहिले. अळूची वाफे-शेती आणि किनाऱ्यावरची जुनी मत्स्यतळी पुन्हा उभी करणाऱ्या लोकांना आज आधी हाऊ तोडावा लागतो. झाडाला दोष देता येणार नाही, परंतु झाडाचे आणि माणसाचे जे नाते सैल झाले त्याचा हा परिणाम आहे.

आपल्याकडे बेलपाटा तिवर आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांच्या मागच्या बाजूला, भरतीचे पाणी जेमतेम पोहोचते तिथे उभा असतो आणि काठाची माती धरून ठेवतो. माझी वाडी खाडीला लागून आहे आणि बांध खचतो आहे, म्हणून तो लावावा असा विचार आहे. जाणकारांचे मत हवे.

रानफूल

लावायला हरकत नाही, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. खारफुटीचे क्षेत्र कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा तिथली झाडे तोडून फांद्या आणू नयेत; गळालेली फळे गोळा करून बी पेरावे, किंवा कोणाच्या खाजगी वाडीतल्या झाडाची अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी मागून घ्यावी आणि पावसाच्या सुरुवातीला ओल्या मातीत खोचावी. दुसरे म्हणजे बांधावर लावल्यास पाण्याकडच्या फांद्या वाढू द्याव्यात, परंतु वाडीच्या बाजूने जमिनीला टेकणारी फांदी दरवर्षी काढावी, नाहीतर माडांच्या ओळींत ती मुळे धरील. काढलेल्या सरळ फुटव्यांची साल माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे भिजवून पाहा. माडाच्या झावळ्यांचे भारे बांधायला तेवढा दोर पुरतो.